डीनसाहेबांचा पूल

काँक्रीटचा पूल ‘सोडून देतात’ म्हणजे नक्की काय करतात? स्टीलचा असेल तर कटर लावून भंगारात घालता येतो. लाकडाचा असेल तर आपसूक कुजतो. काँक्रीटच्या पुलाचं तसं नाही. पाडायला पैसा लागतो आणि राखायलाही पैसाच लागतो. मग शेजारी नवा पूल उभा राहतो, रस्ता तिकडे वळतो आणि जुना पूल आपला नदीत पाय सोडून उभाच राहतो.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात असाच एक पूल आहे. सस्कटून शहरापासून वायव्येला साधारण पन्नास किलोमीटरवर बोर्डन नावाचं खेडं लागतं. त्याच्या अलीकडे उत्तर सस्कॅचवान नदीवर हा पूल १९३६ साली बांधला गेला. डेकच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या कमानी वर उठलेल्या, कमानींपासून खाली आलेले उभे हँगर, आणि आजूबाजूला नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट शेती. १९८५ मध्ये त्याच्यावरची वाहतूक बंद झाली. आज हायवे नंबर १६ वरून जाणाऱ्या गाड्या बाजूच्या पुलावरून भर्रकन निघून जातात. ज्यांना जुन्या बांधकामांचं वेड आहे तेवढेच थांबतात, उतरतात, फोटो काढतात.

या पुलाचं डिझाइन ज्याने केलं तो एका कॉलेजातला मास्तर होता! आणि हाच मास्तर पुढे कॅनडाच्या अणुभट्ट्यांपर्यंत पोहोचला. त्याचं नाव चामर्स जॅक मॅकेन्झी. कॅनडात त्याला सी. जे. मॅकेन्झी म्हणून ओळखतात. आपल्याकडे सिव्हिलच्या पोरांनाही हे नाव सहसा माहीत नसतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मॅकेन्झीचा जन्म १० जुलै १८८८ चा, कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट स्टीफन या गावचा. इंजिनिअरिंग केलं हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात, १९०९ मध्ये बाहेर पडला. तो शिकत असतानाच, १९०७ मध्ये, क्वेबेकचा प्रचंड स्टील पूल बांधकाम चालू असताना कोसळला आणि ७५ कामगार गेले. पुलाच्या स्वतःच्याच वजनाचा अंदाज कमी धरला गेला होता आणि दाबाखालचा मेंबर बकल झाला. आजही कॅनडात इंजिनिअर होणारी मुलं करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. ती म्हणे त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते. ही निव्वळ दंतकथा आहे, पण मॅकेन्झीच्या पिढीने डिग्री घेतली ती या पुलाच्या सावलीत, एवढं मात्र खरं.

डलहौसीत त्याला शिकवायला एक तरुण प्राध्यापक होता, क्लॅरेन्स डिकेटर हाउ. वयाने विद्यार्थ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. हाउने नंतर मास्तरकी सोडली आणि धान्य साठवायची प्रचंड काँक्रीट कोठारं बांधणारी कंपनी काढली, पैसा कमावला, राजकारणात गेला आणि मंत्री झाला. विद्यार्थी मात्र पश्चिमेला गेला आणि मास्तर झाला.

सस्कॅचवान विद्यापीठ १९०७ मध्ये स्थापन झालेलं, म्हणजे मॅकेन्झी १९१२ मध्ये तिथे पोहोचला तेव्हा अगदीच पोरसवदा. गावही नवं, प्रांतही नवा (१९०५ चा). इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम त्यालाच सुरू करायचा होता. अधेमधे हार्वर्डला जाऊन १९१५ मध्ये मास्टर्स केलं, मग पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेला, मिलिटरी क्रॉस मिळवून परत आला. १९२१ मध्ये डीन झाला आणि १९३९ पर्यंत डीनच राहिला. १९२५ मध्ये इंजिनिअरिंगची इमारत आगीत जळाली, ती पुन्हा उभी केली. हे सगळं मी दोन ओळींत उरकतोय, कारण खरी गंमत पुढे आहे. ती आहे काँक्रीटमध्ये.

प्रेअरीच्या मातीला एक खोड आहे. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे जमिनीतले क्षार वर येऊन बसतात. सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं. कोरड्या दिवसांत जमिनीवर चक्क पांढरी साय धरलेली दिसते. तिथले शेतकरी तिला ‘अल्कली’ म्हणतात, केमिस्ट्रीच्या सरांनी नाक मुरडलं तरी. या मातीत काँक्रीट घातलं की काही वर्षांत त्याचा चोथा होऊ लागायचा. तळघरांच्या भिंती, गटारांचे पाइप, पाया... बाहेरून ठीक दिसणारं काँक्रीट बोटाने खरवडलं तर भुगा! नव्या वसाहतीत सगळंच नव्याने बांधायचं, आणि जे बांधायचं तेच जमिनीखाली विरघळणार, तर काय करायचं?

आता आपण टेक्स्टबुकात दोन मार्कांसाठी लिहितो, की सल्फेट सिमेंटमधल्या ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेटच्या संयुगांशी अभिक्रिया करतं, एट्रिंगाइट तयार होतं, ते जास्त जागा मागतं आणि काँक्रीट आतून फुटतं. १९२० च्या सुमारास हे असं पाठ करून लिहिण्यासारखं नव्हतं. कोणी म्हणे दोष आम्लाचा, कोणी म्हणे थंडीचा, कोणी म्हणे मजुरांनी माल नीट मिसळला नाही. (मजुरांवर ढकलणं तेव्हाही चालत होतं.) मॅकेन्झीने त्याच विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या थोर्बर्गर थोर्वाल्डसनला गाठलं. हा थोर्वाल्डसन लहानपणी आइसलँडहून आलेला. दोघांनी मिळून आम्लाचा परिणाम कोणता, क्षारयुक्त पाण्याचा कोणता आणि हिमाचा कोणता हे वेगवेगळं करून दाखवलं. एकाच कॅम्पसवर सिव्हिलवाला आणि केमिस्ट्रीवाला एकमेकांच्या लॅबमध्ये जातायत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा. आपल्याकडे कॉरिडॉर ओलांडायचा तरी एचओडीची सही लागते.

पुढचं बरंचसं काम थोर्वाल्डसनने वर्षानुवर्षं केलं आणि त्यातून सल्फेटला दाद न देणाऱ्या सिमेंटची वाट मोकळी झाली. गंमत म्हणजे ती गोष्ट आपल्या बाजारात आजही मिळते. सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट, भारतीय मानक १२३३०, ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट जास्तीत जास्त पाच टक्के. खाडीकाठच्या पायाभरणीत ते वापरतात. श्रेय अर्थातच एकट्या मॅकेन्झीचं नाही, बहुतांश थोर्वाल्डसनचं आणि जगभरच्या इतरांचंही. पण प्रश्न ओळखून योग्य माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवणं, हे मॅकेन्झीचं कसब. पुढे आयुष्यभर त्याने तेच केलं.

मग आली मंदी. १९२९ नंतर गव्हाचे भाव पार कोसळले आणि त्यातच पावसाने दगा दिला. सस्कॅचवान म्हणजे गहू, गव्हाशिवाय दुसरं काही नाही. वाऱ्याने शेतातली माती उडून आकाश काळं व्हायचं. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी मोटारींची इंजिनं काढून टाकली आणि पुढे घोडे जुंपले. त्या गाड्यांना तेव्हाच्या पंतप्रधानांचं नाव चिकटवून ‘बेनेट बग्गी’ म्हणू लागले. सस्कटूनमध्ये बेकारांची रांग लागली. सरकारने ठरवलं, फुकट धान्य वाटण्यापेक्षा कामं काढू. आपल्या भाषेत दुष्काळी कामं.

सस्कटूनला एका पुलाची गरज होतीच. शहर दक्षिण सस्कॅचवान नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं, आणि १९०७ चा जुना स्टीलचा पूल अरुंद. नगरपालिकेने डीनसाहेबांना विचारलं. ते विद्यापीठातून रजा घेऊन पुलावर आले! डिझाइनही त्यांचंच आणि कामावर देखरेखही त्यांचीच. (इथून पुढे मीही ‘तो’चं ‘ते’ करतो, माणूस डीन झालाय.)

ब्रॉडवे पुलाची साइट सोपी नव्हती. पूर्वेचा काठ उंच, पश्चिमेचा सखल. म्हणजे पूल आडवा नाही, तिरका. साधारण चार टक्के उतार. मॅकेन्झींनी पाच कमानी घेतल्या, सगळ्या डेकच्या खाली. उतारामुळे कमानी एका बाजूकडून दुसरीकडे चढत गेल्यासारख्या दिसतात. कामचलाऊ सरळ गर्डर टाकून भागलं असतं की नाही माहीत नाही, पण कमानीत काँक्रीट बहुतेक दाबाखाली राहतं, आणि दाब हेच काँक्रीटचं बलस्थान. शिवाय कमान म्हटली की सेंटरिंग आलं, सेंटरिंग म्हटलं की सुतार आले, गज बांधणारे आले, माती काढणारे आले. म्हणजे पैसा बाहेरच्या स्टील कारखान्याकडे न जाता गावातल्या हातांकडे जातो. ज्या कामाचा हेतूच मजुरी वाटणं आहे, तिथे हा फरक लहान नाही.

काम सुरू झालं डिसेंबर १९३१ मध्ये. सस्कटूनचा डिसेंबर! शून्याखाली तीस अंश हे तिथे नवल नाही. ताजं काँक्रीट ताकद धरण्याआधी गोठलं तर कामातून गेलं, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. अशा थंडीत काँक्रीट करायचं तर पाणी तापवा, खडी-वाळू तापवा, ओतल्यावर झाकून ऊब द्या. आपण क्युरिंगला गोणपाट टाकून पाणी मारतो ते उन्हामुळे, तिथे भीती उलटी. एवढं करून ११ नोव्हेंबर १९३२ ला पूल खुला झालासुद्धा. एक वर्षही लागलं नाही. खर्च सुमारे साडेआठ लाख डॉलर, आणि १५९३ माणसांना काम मिळालं. लोक त्याला ‘डीनचा पूल’ म्हणू लागले. तो आजही वापरात आहे.

दुष्काळी कामांबद्दल आपल्या मनात एक प्रतिमा असते. खडी फोडायची, रस्ता करायचा, पावसाळ्यात तो वाहून जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा खडी फोडायची. काम हे निमित्त, हजेरीपट महत्त्वाचा. त्यात चूक आहे असंही नाही, पोट आधी. पण मॅकेन्झींनी हजेरीपटही सांभाळला आणि डिझाइनमध्ये तडजोडही केली नाही. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट अणुभट्टीपेक्षा मोठी वाटते. मतभेद असू शकतात.

चार वर्षांनी बोर्डन. पुन्हा मंदीतलंच काम, पण शहरात नाही, उघड्या माळावर. त्याआधी तिथे नदी ओलांडायची ती तरीने, आणि हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून. बर्फ धरताना आणि फुटताना, म्हणजे वर्षातून दोनदा, दोन्ही काठ एकमेकांना पारखे. इथे मॅकेन्झींनी कमानी डेकच्या खाली न घेता वर घेतल्या. याला बोस्ट्रिंग म्हणतात, धनुष्याची दोरी. कमान दोन्ही टोकांना बाहेर ढकलते, आणि ती ढकल काठावर न देता डेकच्या पातळीतला टाय दोरीसारखा ओढून धरतो. त्यामुळे पिअरवर येतं ते मुख्यतः उभं वजन. काठाला पक्का खडक नसेल, आणि डेकखाली कमानीला पुरेशी उंची नसेल, तिथे ही युक्ती फार कामाची. त्या काळात प्रेअरीवर अशा काँक्रीट बोस्ट्रिंग कमानी बऱ्याच ठिकाणी बांधल्या गेल्या.

मग एकाच माणसाने, चार वर्षांच्या अंतराने, एकाच मटेरियलमध्ये बांधलेल्या दोन पुलांपैकी एक वापरात आणि एक बेवारस, असं का? पुलाचा व्हायवा घ्यायचा तर हाच प्रश्न घ्यावा. वाहतूक कमी होती म्हणून, हे उत्तर चुकीचं. उलट ती वाढली! बोर्डनचा रस्ता पुढे मोठा हायवे झाला. कमानी डेकच्या खाली असतील तर वरचा डेक तोडून रुंद करता येतो, बाहेर काढता येतो. बोस्ट्रिंगमध्ये कमानी दोन्ही बाजूंना भिंतीसारख्या उभ्या. त्यांच्यामधली रुंदी बांधली त्याच दिवशी कायमची ठरली. १९३६ च्या ट्रकला ती पुरली, १९८० च्या ट्रेलरला नाही. ज्या युक्तीने पूल उभा राहिला, त्याच युक्तीने तो अडकून पडला.

दुसरी गोष्ट काँक्रीटची. काँक्रीटमध्ये मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे ठेवले तर गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा मिळते, हे तंत्र १९३० च्या दशकाच्या शेवटी पुढे आलं. बोर्डन त्याच्या आधीचा. दर हिवाळ्यात पाणी आत शिरणार, गोठणार, फुगणार, वितळणार. सल्फेटशी झुंजलेल्या मॅकेन्झींना या शत्रूची ओळख होती, पण त्याच्यावरचं औषध अजून निघायचं होतं. त्याला कोण काय करणार?

असो. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे अध्यक्ष जनरल मॅकनॉटन सैन्य घेऊन युरोपला गेले आणि त्यांच्या खुर्चीवर तात्पुरते म्हणून सस्कटूनच्या डीनना बोलावलं गेलं. तात्पुरते म्हणजे किती, तर १९५२ पर्यंत! आधी कार्यवाहक, १९४४ पासून पूर्ण अध्यक्ष. काही शे माणसांची संस्था युद्धात हजारांत गेली. रडार, स्फोटकं, वैद्यकीय संशोधन, सगळं तिथून. आणि वरचे मंत्री कोण? सी. डी. हाउ! डलहौसीतले तेच मास्तर. फाइल अडली तर काय करायचं, हा प्रश्न या जोडीला फारसा पडला नसावा.

या काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटिशांच्या डोक्यात आलं की विमानवाहू जहाज बर्फाचं बांधायचं. थट्टा नाही. पाण्यात लाकडाचा लगदा मिसळून गोठवलं तर जो पदार्थ होतो तो नुसत्या बर्फापेक्षा कितीतरी चिवट असतो. आपल्या फायबर काँक्रीटचा थंड चुलतभाऊच म्हणा. बर्फावरचे प्रयोग करायला कॅनडाइतकी चांगली जागा कोणती? काम मॅकेन्झींकडे आलं आणि त्यांनी ते प्रेअरीतल्या विद्यापीठांना वाटून दिलं. १९४३ च्या हिवाळ्यात अल्बर्टातल्या जॅस्परजवळ पॅट्रिशिया सरोवरावर सुमारे अठरा मीटर लांबीचं, हजार टनांचं नमुना-जहाज तयारही झालं. नदीवरचा बर्फ किती भार घेतो, कधी वाकतो, हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला खऱ्या आकाराच्या जहाजाचा हिशेब जुळेल असं वाटत नव्हतं. लागणारा लगदा, स्टील, गारठा टिकवायची यंत्रं, माणसं, सगळंच आवाक्याबाहेर. वर्षअखेरीपर्यंत प्रकल्प बासनात गेला.

दुसरं काम मात्र बासनात गेलं नाही. १९४२ मध्ये ब्रिटनने आपलं अणुसंशोधन कॅनडात हलवायचं विचारलं, तेव्हा हाउ आणि मॅकेन्झी या दोन सिव्हिल इंजिनिअरांनी हो म्हटलं. मॉन्ट्रियलची लॅब, मग चॉक रिव्हर. ५ सप्टेंबर १९४५ ला झीप ही छोटी भट्टी चालू झाली, अमेरिकेबाहेरची पहिली. १९४७ मध्ये एनआरएक्स ही मोठी. १९५२ मध्ये अणुऊर्जेसाठी स्वतंत्र सरकारी कंपनी निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष मॅकेन्झीच. त्याच वर्षी १२ डिसेंबरला एनआरएक्समध्ये अपघात झाला. गाभ्याचा काही भाग वितळला, इमारतीच्या तळघरात किरणोत्सारी पाणी साचलं. सफाईला अमेरिकन नौदलाची माणसं आली, त्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टरही होते. भट्टी सोडून देता आली असती. तसं न करता ती उपसून, गाभा बदलून सुमारे चौदा महिन्यांत पुन्हा चालू केली.

या एनआरएक्सचंच भावंडं आपल्या तुर्भ्याला आलं. एप्रिल १९५६ मध्ये करार झाला आणि १० जुलै १९६० ला सायरस अणुभट्टी क्रिटिकल झाली. तारीख पाहा, मॅकेन्झींचा वाढदिवस! योगायोगच. त्या वेळी ते कॅनडाच्या अणुऊर्जा नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष होते (१९४८ ते १९६१). १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम सायरसमधून आलं, कॅनडाने चिडून आपल्याशी अणुसहकार्य तोडलं, हा इतिहास माहीत असेलच. सायरस २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची बंद झाली.

म्हातारपणीही ते स्वस्थ बसले नाहीत. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठाचे कुलपती झाले, तिथली इंजिनिअरिंगची इमारत त्यांच्या नावाने आहे. सरकारला विज्ञानधोरणावर अहवाल दिला. १९६७ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला. २६ फेब्रुवारी १९८४ ला ओटावामध्ये ते गेले, वय ९५. पुढच्याच वर्षी बोर्डनचा पूल बंद झाला.

आपल्याकडचं कोणी ना कोणी एमएस करायला सस्कटूनला जातंच. त्यांनी एखाद्या रविवारी आधी ब्रॉडवेवरून पायी उतरावं, मग हायवे १६ धरून अर्धा-पाऊण तास वायव्येला जावं. नव्या पुलावर यायच्या आत बाजूला कमानी दिसतील. डेकवर चढायच्या भानगडीत पडू नका, नव्वद वर्षांचं काँक्रीट आहे. काठावरून खाली उतरून हँगर कमानीला कुठे मिळतात आणि टाय कुठून जातो ते बघा. आणि फोटो मॅगझिन कमिटीला पाठवा, पुढच्या अंकात छापू.